तिथीची पाऊणपट

आदरणीय बाईंस सादर नमस्कार,

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अध्यापन पद्धती गणित. सध्या मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका विद्यालयात आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचा शिकवण्याचा सराव, चालू आहे. 16 आठवड्यांपैकी हा सहावा. पहिल्या वर्षी माझे सूक्ष्म पाठ, म्हणजे मैत्रिणींसमोर घ्यायचे छोटे सरावपाठ, इतके चांगले झाले की सरांनी माझं पाठाचं टाचण इतरांना दाखवायला नेलं होतं. इथे खऱ्या वर्गात मात्र मी प्रश्न विचारला की समोर सगळं गप्प. मग उत्तर मीच सांगून टाकते.

गेल्या मंगळवारी सहावीवर अपूर्णांकांच्या गुणाकाराचा पाठ होता. कॉलेजचे सर निरीक्षणाला मागे बसले होते. मी पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापून नेल्या होत्या. फळ्यावर 8 × ¾ लिहिलं, तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी कधी तोंड न उघडणारा, ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सहा! ह्यां माज्या आज्याक येता. तिथीची पाऊणपट केली काय भरतीचो टायम गावता." वर्ग हसला. मी घाबरले. म्हटलं, "आधी नीट मराठीत बोल, आणि विषयाला धरून बोल." तो खाली बसला. पुढचे दोन दिवस शाळेत आला नाही. आता येतो, पण माझ्या तासाला मान वर करत नाही.

सरांचा शेरा होता, 'वर्गनियंत्रण उत्तम. शैक्षणिक साहित्य आकर्षक.' मी चिंतन दैनंदिनीत लिहिलं, 'पाठ समाधानकारक झाला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता. फलकलेखनात सुधारणा हवी.' लिहिताना लाज वाटली. शाळेतले मार्गदर्शक शिक्षक म्हणतात, होईल सवय. बाई, घरी मी स्वतः मालवणीच बोलते. मग त्याला असं का बोलले? मला शिकवणं जमणार का? आणि दैनंदिनीत खरं लिहिलं तर गुण जातील का?

— एक छात्राध्यापिका, कुडाळ तालुका

*

प्रिय बाय,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो व्यवहाराचा आहे. मी अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षं या दैनंदिन्या तपासल्या. चाळीस वह्यांचा गठ्ठा पुढ्यात यायचा, आणि त्यातल्या पस्तीस वह्यांत तोच पाठ, तोच प्रतिसाद, तेच फलकलेखन. वरची नावं झाकली असती तर कुठली वही कोणाची, हे त्या मुलींनाही ओळखता आलं नसतं. उरलेल्या पाच वह्या मी घरी नेऊन वाचत असे. खरं लिहिलं म्हणून मी कधी कोणाचा गुण कापला नाही, आणि माझ्याबरोबरच्या बहुतेकांनी कापला नसावा. तरी तुझी भीती मी उडवून लावत नाही. 'पाठ फसला' एवढंच वाचून लाल पेन उचलणारा परीक्षकही भेटू शकतो. तशी धास्ती असेल तर दोन वह्या ठेव, एक सहीसाठी आणि एक स्वतःसाठी. फक्त स्वतःची आधी लिहीत जा.

आता तुझी ती तीन वाक्यं बघ. पाठ, प्रतिसाद, फलकलेखन. तिन्हींत मूल कुठेच नाही. आणि मला लिहिलेल्या पत्रात? शेवटचा बाक आहे, ताडकन उभा राहिलेला मुलगा आहे, त्याचे शब्द जसेच्या तसे आहेत, हसलेला वर्ग आहे, घाबरलेली तू आहेस. मंगळवारची खरी दैनंदिनी तू लिहिलीस, फक्त ती माझ्या पत्त्यावर पाठवलीस. पत्रातला तो मजकूर उतरवून काढ आणि त्या पानावर चिकटव.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच, की वहीत स्वतःला मार्क देत बसू नकोस. एका मुलाने काय म्हटलं, काय केलं, ते लिही, त्याच्या शब्दांत. आपण कसे शिकवतो हे आरशात बघून कळत नाही गं. मुलाकडे नीट बघितलं की त्याच्या चेहऱ्यावर आपलंच शिकवणं दिसायला लागतं.

म्हणून आधी तो मुलगा काय म्हणाला, ते आपण दोघी शांतपणे ऐकू या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हा आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब आहे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, त्यामुळे तोच आकडा पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे ढोबळ मानाने चालून जातो. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, पाठ असायची. दर्यावर जाणाऱ्याला पंचांगातली तिथी आणि पाऊणकी एवढ्या दोनच गोष्टी पुरत.

तू फळ्यावर 8 × ¾ लिहिलंस. त्याने ती अष्टमी म्हणून वाचली आणि सहा वाजता पाणी भरलेलं पाहिलं. तुझ्या टाचणात शेवटाकडे 'उपयोजन' नावाची पायरी असते. शिकलेलं ज्ञान मूल नव्या ठिकाणी वापरून दाखवेल, अशी आपण तिथे आशा लिहून ठेवतो आणि बहुतेक वेळा घंटा होते. या मुलाने ती पायरी तू शिकवायच्या आधीच चढून दाखवली. पुठ्ठ्याच्या भाकऱ्या त्याला नको होत्या, त्याच्याकडे समुद्र होता. तू त्याला 'विषयाला धरून बोल' म्हणालीस, आणि त्या क्षणी वर्गात विषयाला धरून बोलणारा तो एकटाच होता.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. हेच मीही केलं आहे, ते पुढे सांगते. पण तू असं का बोललीस, हा तुझा प्रश्न प्रामाणिक आहे, तर त्याचं उत्तरही तसंच द्यायला हवं. मंगळवारी वर्गात मागच्या बाजूला दोघं होते. एक सर, एक तो मुलगा. मुलगा बोलला आणि सर गप्प बसले होते. तू ऐकलंस ते सरांचं. त्यांच्या मनात काय चाललं असेल, मालवणी ऐकून ते काय लिहितील, या भीतीने तुझं तोंड उघडलं. आणि मला वाटतं, त्या भीतीत आणखी जुनं काहीतरी आहे. तू घरी मालवणी बोलतेस आणि शाळेत पाय ठेवला की ती उंबऱ्याबाहेर काढून ठेवतेस. हे तुला कोणी, कितवीत असताना शिकवलं? आठवून बघ. सापडलं तर तेही वहीत लिही. तू त्या मुलाला जे म्हणालीस ते वाक्य तुझं नसण्याची शक्यता बरीच आहे. तुला कोणीतरी दिलेलं, तू पुढे दिलंस.

शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये कलम 29 आहे. मुलाला शक्य तिथवर त्याच्या मातृभाषेतून शिकवावं, असं ते सांगतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. तुम्ही हे पेपरात लिहिलंच असेल. पण आपल्या डोक्यात मातृभाषा म्हणजे पुस्तकातली मराठी असं पक्कं बसलेलं असतं, आणि वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतच्या मुलांची घरची बोली त्या शब्दात बसते हे आपण विसरतो. प्रमाण मराठी त्याला यायला हवीच, पुढे दहावीचा पेपर त्याच भाषेत लिहायचा आहे. ती शिकवायची रीत मात्र साधी आहे. आधी उत्तर घे. मग फळ्यावर त्याचं वाक्य त्याच्या बोलीत लिही, आणि त्याच्याच खाली पुस्तकाच्या भाषेत: 'तिथीच्या संख्येला ¾ ने गुणले असता भरतीची अंदाजे वेळ मिळते.' दोन्ही ओळी फळ्यावर राहू देत. वर्ग हसणार नाही, कारण बाईंनी ते लिहिलंय.

(आपल्या भाषेची एक श्रीमंती इथे सांगायला हवी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, असे अपूर्णांकांचे स्वतंत्र शब्द आपल्या तोंडात लहानपणापासून असतात. बाजारात 'पाऊण किलो' म्हणणारं मूल पुस्तकातल्या ¾ समोर अडतं, तेव्हा या दोघांची ओळख कोणी करून दिलेली नसते. ती करून देणं हे तुझं काम.)

आता माझी गोष्ट. 1983 साली मी एका खाडीकाठच्या शाळेत नोकरीला लागले. आठवीत एक मुलगी होती, पलीकडच्या गावातून तरीने, म्हणजे होडीने यायची. हुशार, पण उशिरा येणारी. मी तिला दाराबाहेर उभी करायचे. पहिले दोन महिने केलं. ती खाली बघून उभी राहायची, कारण सांगायची नाही. मला वाटे, कोडगी आहे. शेवटी पालकांना बोलवायचं ठरवलं. बोलवायचं तर हातात पुरावा हवा, म्हणून ती कधी उशिरा येते त्या तारखा एका वहीत लिहायला लागले. हे माझं पहिलं निरीक्षण, आणि ते रागाने सुरू झालेलं.

महिना-दीड महिन्याने वही उघडली तर तारखा विखुरलेल्या नव्हत्या. तीन-चार दिवस सलग उशीर, मग दहा-अकरा दिवस अगदी वेळेवर, मग पुन्हा तीन-चार दिवस उशीर. आळशी मुलीचा उशीर असा हिशेबाने येत नाही. मी ती वही घेऊन बसले होते, तेवढ्यात आमचे शिपाईमामा चहा घेऊन आले. त्यांनी तारखा बघितल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, ही तर चवथ-पंचमी."

शुद्ध पक्षातली आणि वद्य पक्षातलीही. पाऊणपटीने बघ: पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे त्याआधीची ओहोटी सकाळी साडेनवाच्या सुमाराला. नेमकी तिची होडी पकडायची वेळ. पाणी उतरलं की होडी धक्क्याला लागत नसे. गुडघाभर चिखलात उतरायचं, हातात चपला आणि डोक्यावर दप्तर घेऊन काठ गाठायचा, विहिरीवर पाय धुवायचे आणि मग शाळा. मी त्या मुलीला दोन महिने ओहोटीबद्दल शिक्षा करत होते.

पुराव्यासाठी ठेवलेली वही माझ्याच विरुद्ध पुरावा झाली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, तुमी इचारलंच नाय." हे वाक्य मी तेव्हा लिहून ठेवलं आणि ते अजून माझ्याजवळ आहे. मुख्याध्यापकांशी बोलून त्या दिवसांपुरती तिला परिपाठाची सूट मिळवली. एवढं पुरलं.

हे तुला सांगते ते यासाठी, की त्या वहीत माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. 'मी वाईट शिक्षिका आहे' असं लिहून मी रडले असते तर मला तिथीचा पत्ता लागला नसता. तुझ्या पत्रातही एक जागा मला खटकली. तो मुलगा दोन दिवस आला नाही, आणि तू धरून चालली आहेस की ते तुझ्यामुळे. असेलही. पण तू विचारलंस का? त्याला ताप असेल. आजोबा आजारी असेल. किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल आणि घरच्यांबरोबर दोर ओढायला गेला असेल. अपराधी वाटणं समजू शकते, पण त्यातही आपण मुलाला बाजूला सारून स्वतःलाच मध्ये उभं करतो. आधी विचार. मग काय वाटायचं ते वाटू दे.

सूक्ष्म अध्यापनाबद्दल थोडं लिहिते, कारण तुला वाटतंय की पहिल्या वर्षी जमलेलं आता बिघडलं. ही पद्धत 1963 च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. आपल्याकडे तिचं जे चक्र रूढ झालं ते 36 मिनिटांचं: अध्यापन 6, प्रत्याभरण (म्हणजे शेरे) 6, पुनर्नियोजन 12, पुनराध्यापन 6 आणि पुन्हा प्रत्याभरण 6. यात सगळ्यांत मोठा वाटा कशाला दिलाय बघ. शिकवायला नाही, शेरे ऐकायलाही नाही. शिकवून झाल्यावर एकटीने बसून पुन्हा ठरवायला 12 मिनिटं. आणि कॉलेजात नेमकी तीच खाल्ली जातात. मुली जास्त, खोली एक, वेळ संपत आलेली. 'तुझं झालं, आता पुढची' असं करत आपण 6 मिनिटांचा देखणा पाठ करायला शिकतो आणि बदलायला शिकत नाही. शिवाय समोर विद्यार्थी म्हणून तुझ्याच मैत्रिणी बसलेल्या. त्यांना उत्तरं आधीच ठाऊक होती. त्यामुळे तुझं कसब खोटं नव्हतं, ते फक्त खऱ्या मुलाला कधी भेटलं नव्हतं. ती राहिलेली 12 मिनिटं आता रोज घे. वही त्याचसाठी आहे. शाळा सुटल्यावर एसटीची वाट बघताना लिही, घरी जाऊन रात्री लिहायचं म्हटलंस की मुलाचे शब्द विरून जातात आणि 'प्रतिसाद चांगला होता' एवढंच उरतं. अर्धं पान पुरे. मुलाचं एक वाक्य किंवा एक कृती, त्यावर तू लगेच काय केलंस ते, आणि उद्या त्यातलं काय बदलणार ते. रोज एकच बदल. पाच ठरवलेस तर एकही होणार नाही.

वर्गातल्या शांततेचं काय, ते तू ओझरतं लिहिलंस, पण माझ्या मते मंगळवारचा सगळा प्रसंग त्यातूनच आला. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर सांगून मोकळे होतात. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं की उत्तरं लांब येतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि एरवी मागे पडलेली मुलंही बोलू लागतात. तिने दुसरं थांबणंही सांगितलं आहे, ते लोक विसरतात: मुलाने उत्तर दिल्यानंतरचं. त्याचं बोलणं संपलं असं वाटल्यावरही तीन सेकंद थांबायचं. मंगळवारी 'टायम गावता' नंतर तू तीन सेकंद थांबली असतीस तर तो अष्टमीबद्दल सांगू लागला असता, आणि तुझी भीतीही थोडी बसली असती. तीन सेकंद फार लांब वाटतात, हे खरं. मी चपलेच्या आत पायाचा अंगठा तीनदा दाबायचे. कोणाला दिसत नाही आणि आपण घाईने बोलत नाही.

पटत नसेल तर शाळेची परवानगी घेऊन एक दिवस मोबाइल टेबलावर ठेव आणि दहा मिनिटं ध्वनिमुद्रण कर. तुमच्या अभ्यासक्रमात फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषणाची तक्ता-पद्धत असते, वर्गात कोण किती बोलतं ते मोजणारी, दर तीन सेकंदांनी एक नोंद. तिच्या दहा प्रकारांपैकी सात शिक्षकाचे, दोन विद्यार्थ्यांचे, आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. परीक्षेपुरती पाठ केलेली ती पद्धत स्वतःच्या आवाजावर एकदा वापरून बघ. मी केली तेव्हा दहा मिनिटांत मुलांच्या वाट्याला एक मिनिटही आलेलं नव्हतं. फक्त त्या दहाव्या खान्याबद्दल माझं फ्लँडर्सशी भांडण आहे. शांतता आणि गोंधळ एका खान्यात टाकू नयेत. विचार करणाऱ्या मुलाची शांतता वेगळी असते आणि गप्प बसवलेल्या मुलाची वेगळी. तो फरक तक्त्यात येत नाही, पण चार आठवड्यांत तुझ्या कानाला कळायला लागेल.

तुमच्या बालशिक्षणाच्या पेपरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं आली असतील. 1945 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावर बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. दगड, पानं, बिया हे तिथलं साहित्य. मला यातली दया किंवा त्याग तितका मोठा वाटत नाही, जितकी मोठी वाटते ती प्रश्न बदलण्याची रीत. मुलं शाळेत का येत नाहीत, हे विचारता विचारता त्या 'मुलं आत्ता कुठे आहेत' या प्रश्नापाशी आल्या आणि तिथे चालत गेल्या. तुझ्यासाठी तो प्रश्न शेवटच्या बाकाचा आहे. तो मुलगा कुठे आहे? तो आज्याबरोबर किनाऱ्यावर आहे, तिथीचा हिशेब करत.

मार्गदर्शक शिक्षकांवर रागावू नकोस. 'होईल सवय' यात थोडं तथ्य आहे. आवाज, फळा, तासिकेचा वेळ, हजेरी, याची सवय होते आणि व्हायलाच हवी. पण न ऐकण्याचीही सवय होते, आणि ती कधी झाली ते कळत नाही. त्यांच्याकडे एक मदत माग. पुढच्या पाठाला त्यांनी तुझं निरीक्षण करू नये. दहा मिनिटं फक्त तीन मुलांकडे बघावं, तू सांगशील त्या तीन, आणि ती काय करतात ते कागदावर लिहून द्यावं. शेरा नको, नोंद हवी. बरेच अनुभवी शिक्षक यात रमतात, त्यांना असं कोणी विचारलेलंच नसतं.

तुला शिकवणं जमणार का? एका पत्रावरून मी हो म्हणणार नाही, ते तुझी फसवणूक होईल. पण तुझ्या हातात 'उत्तम' असा शेरा होता, आणि तरी एका मुलाची खाली गेलेली मान तुला झोपू देईना. शेरा बाजूला ठेवून तू त्या मानेवर विश्वास ठेवलास. मी ज्यांना शिक्षक मानते त्यांच्यात हे दिसलं आहे. बाकीचं शिकता येतं.

आता सोमवारचं. भर वर्गात माफीचं भाषण करू नकोस, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर वळतील आणि तो आणखी आत जाईल. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्याला गाठ आणि मालवणीतच विचार, "आज खयची तिथ रे?" सांगेल. मग सांग की त्या दिवशी तू बरोबर बोललास, चूक माझी झाली, आणि मला तुझ्या आज्याचा हिशेब शिकायचा आहे. लगेच उत्तर येईल असं धरू नकोस. अंगठा दाबून थांब.

तो तयार झाला तर सहावीला पंधरा तिथींचा तक्ता करायला लाव. एका रकान्यात पाऊणपट, दुसऱ्यात पंचांगात किंवा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात दिलेली वेळ. दोन्हींत फरक निघेल, आणि खरं गणित तिथे सुरू होतं. पाऊणपटीने भरती रोज 45 मिनिटं पुढे सरकते, पण समुद्र सरासरी 50 मिनिटांच्या आसपास सरकतो. रोजची पाच मिनिटं, पंधरा दिवसांत सव्वा तास. शिवाय अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिपदेला एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका रात्रीत दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. मुलांना हे स्वतः सापडू दे, तू सांगू नकोस.

आणि रविवारी जमलं तर त्या आज्याला किनाऱ्यावर भेट, वही घेऊन जा. अमावास्येनंतरची ही दीड तासाची उडी तो कशी सांभाळतो, मनातल्या मनात काही मिळवतो, की पाण्याकडे बघूनच ठरवतो, ते विचार. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून मला कळव. खाडीकाठी इतकी वर्षं राहूनही मी हे कोणाला विचारलं नाही, आणि मला ते खरंच जाणून घ्यायचं आहे.

तुझी,
बाई